नऊ ढिल्या गाठी

चूक सापडली नाही म्हणून मार्क कापले, असली शाळा मी पहिल्यांदा बघितली. बाळकुमकरांनो, रामराम. आता ऐका.

माझी नात मीरा इंटरनॅशनल शाळेत सातवीत आहे. तिथे पुस्तकाबरोबर घरातल्या म्हाताऱ्यांकडून हातकाम शिकायचं आणि झालेल्या चुका वहीत लिहायच्या. ती माझ्याकडून जाळं विणायला शिकली. वहीत लिहिलं, नऊ गाठी ढिल्या.

ढिल्या जाळ्यातून मासा जातो. काल ती शाळेत असताना मी नऊच्या नऊ गाठी सोडून घट्ट बांधल्या.

आज मीराबरोबर मीही शाळेत गेले, तर जाळं बघून बाईंनी विचारलं, "आजी, हिच्या चुका कुठे गेल्या?"

"मी काढल्या."

"मग ही काय शिकली, ते मी कशात बघू?"

घरी येताना मीरा म्हणाली, "आजी, ते जाळं माझं होतं." तेव्हापासून पोर माझ्याशी बोलत नाही.

नव्वदच्या सुमाराला माझा मुलगा सातवीत होता, तेव्हा चुकीगणिक छडी मिळायची. माझ्या डोक्यात तेच बसलेलं.

आता त्या गाठी पुन्हा ढिल्या करून देऊ का? शिकलेल्यांनी गप्प बसा. ज्या आज्यांनी नातवंडांचं काम गुपचूप सुधारलंय, त्यांनीच उत्तर द्यायचं.