बाबांचं बटण

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. रेडिओ उघडून दुरुस्त करणारी बाई मी... आवाज कुठून येतो, हे मला तारेसकट दाखवावं लागतं. म्हणूनच ही एक गोष्ट इतकी वर्षं मला छळते आहे.

अड्याळला बाजाराच्या रस्त्यावर आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काम मला बाबांनीच शिकवलं. पंच्याऐंशी सालाच्या आसपास त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. श्वाससुद्धा गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचे. दुकान मी चालवू लागले. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठं गेला?" मी म्हणायची, "मिस्त्री समोरच बसून आहे."

बाबा दिवसभर दुकानामागच्या धानाच्या शेतात असायचे. अंतर जेमतेम अडीचशे पावलं, पण मध्ये मोहाची झाडं, त्यामुळे काही दिसायचं नाही. आणि हाक तर ते मारूच शकत नव्हते... त्यांना काही झालं तर मला कळणार कसं, या काळजीने कामात लक्ष लागत नसे.

नागपुरात खेळण्यातल्या वॉकी-टॉकीच्या जोड्या मिळतात असं कळलं, तेव्हा मी आणि माझे मिस्टर गेलो. मिस्टर वरठीच्या कारखान्यात कामाला. त्यांना सगळ्यात लांब एरियलची जोडी आवडली. पण आवाज नसलेल्या माणसाला लांबची रेंज घेऊन काय करायचं? मला हवं होतं दाबलं की दुसऱ्या सेटवर 'टूं' वाजवणारं बटण. त्या महागड्या जोडीत ते नव्हतंच. दुसरीत होतं, पण सोबत बोलायचं बटणही दाबावं लागे — म्हणजे दोन्ही हात गुंतले. बाबांच्या एका हातात कायम काठी. तिसऱ्या जोडीत एका बटणात काम व्हायचं. मी दुकानदाराकडे पाणी मागितलं, हात ओला केला, डोळे मिटले आणि अंगठ्याने बटण शोधलं. पाच वेळा. पाचही वेळा सापडलं.

"बाई, पोराइच्या खेळण्याले इतकं काय पाहून राहिल्या?" दुकानदार म्हणाला. मी तीच जोडी बांधायला सांगितली. मिस्टर परतीच्या बसमध्ये फुगून बसले होते, पण आठवड्याभरात तेच गावभर सांगत फिरले की निवड आपल्या बायकोची!

आमचं ठरलं होतं — एक टूं म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे जेवायला येतो, तीन म्हणजे तू ये. बाबांचा अंगठा जरा आखडलेला, त्यामुळे त्यांचा तिसरा टूं नेहमी लांबायचा. मला या सगळ्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी, धान पोटरीवर, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना, बाबांच्या सेटच्या बटणात चिखल गेला. साफ करायला मी तो दुकानात आणला. भर दुपार. सेट समोर उघडा, स्क्रू बशीत, सेल बाहेर काढलेले. माझा सेट तेवढा तपासायला चालू होता. आणि तो वाजला... टूं. टूं. टूंऽऽ.

गावात तिसरा सेट नव्हता. बाबांच्या सेटचे सेल माझ्या हातात होते. पुन्हा तेच वाजलं, तिसरा लांब. मी दुकान उघडं टाकून पळाले.

शेताच्या वरच्या अंगाला बोडी आहे, आमच्याकडचा लहान तलाव. पाणी सोडायच्या तोंडाशी दगडांत पाय अडकून बाबा पाण्यात बसते झाले होते. गळ्याचं भोक पाण्यापासून चार बोटं वर. तीस पावलांवर शेजारचे महादूकाका पाठमोरे गवत कापत होते, त्यांना पत्ताच नव्हता. बाबांनी एका हाताने काठी चिखलात रोवून धरली होती. दुसऱ्या हाताची मूठ वर होती... आणि अंगठा बोटावर दाबत होता. दोनदा पटकन, एकदा लांब.

काकांनी आणि मी त्यांना बाहेर ओढलं. संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, सेट तं माह्याजवळ होता. तुमी काय दाबून राहिले होते?"

बाबांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. मग पाटीवर लिहिलं — 'मले भरोसा होता. सेट तू निवडला होता.'

नंतर मी जाणत्यांना विचारलं. कोणी म्हणालं, दुसरीकडचा वायरलेस पकडला असेल. कोणी म्हणालं, विजेची गडबड. असेल बापा. पण तो लांबलेला तिसरा टूं?

जोडी अजून माझ्याकडे आहे. कोणाला दाखवताना आजही छाती फुगते, कारण ते बटण मी निवडलं होतं. त्या दुपारी मात्र बाबांनी दाबलं ते मी निवडलेलं बटण नव्हतं. ते काय होतं, मला अजून माहीत नाही.