कॅलेंडरवरची टिकली

नवा ब्लाउज घालून बघताना माझी टिकली कुठेतरी पडली. शिवणकाम करणाऱ्या शोभाताईंच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर आजपर्यंतच्या प्रत्येक तारखेला एकेक टिकली. आपण आरशाला चिकटवतो तशाच असतील, म्हणून आजच्या तारखेची काढून मी कपाळावर लावली.

थोड्या वेळाने शोभाताईंचं कॅलेंडरकडे लक्ष गेलं. “अगंबाई, आजची गोळी राहिली की काय?” त्यांनी घाईघाईने औषधाची डबी उघडली.

मी ओशाळून कपाळाकडे बोट दाखवलं. त्यांनी डबी परत मिटली.

“एचआयव्हीची गोळी आहे, ताई. घेतली की टिकली लावते. नाहीतर आठवतच नाही.”

एवढ्याशा टिकलीवर या बाईची सगळी भिस्त, आणि मी ती खुशाल उचलली होती. मी टिकली काढायला लागले.

“राहू द्या,” म्हणत त्यांनी पाकिटातली नवी टिकली आजच्या तारखेवर लावली.

त्यांचा आजचा दिवस कपाळावर घेऊन मी घरी आले.