मैदालकडीच्या सालीवरच्या खुणा

पोत्यातली साल बरोबर होती. ते पोतं तपासायला घेऊन आलेले पराते समोरच्या खुर्चीवर बसून फोन बघत होते. मायक्रोस्कोपवरून डोळा काढून मी त्यांना सांगणारच होते, की हो, मैदालकडीच आहे, दुपारी सर्टिफिकेट घेऊन जा. तेवढ्यात पोत्याच्या तळाशी असलेला एक लांब तुकडा मी सहज उलटा केला.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि तिथलं हर्बेरियम सांभाळते. हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. प्रत्येक कागदावर झाडाचं नाव, कुठे मिळालं, कोणी तोडलं, हे लिहिलेलं असतं. औषधवाले आणि अगरबत्तीवाले त्यांचा कच्चा माल आमच्याकडे तपासायला आणतात. ही मुळी, ही साल नेमकी कोणत्या झाडाची आहे, ते आम्ही लेखी देतो. त्याला ऑथेंटिकेशन म्हणतात.

मैदालकडी ओळखणं सोपं आहे. सालीची चिमूटभर पूड घ्यायची, पाण्याचे दोन थेंब टाकायचे. बोटांना भेंडीसारखा चिकटपणा लागतो. याच चिकटपणामुळे अगरबत्तीचा मसाला काडीला धरून राहतो, म्हणून सालीला मोठी मागणी आहे. आणि याच चिकटपणामुळे डोंगरातले लोक मोडलेल्या हाडावर तिचा लेप लावतात. वाळला की तो प्लास्टरसारखा कडक होतो.

मी उलटा केलेला तुकडा नळीसारखा होता. म्हणजे खोडाच्या एका बाजूची पट्टी काढलेली नव्हती, सगळ्या खोडाभोवतीची साल सोलून घेतली होती. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं. साल गोल सोलली की मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या मरतं. आमच्या भाषेत गर्डलिंग. दुर्दैवाने तेही मी पूर्वी पाहिलेलं होतं. मी थांबले ती वेगळ्या कारणाने. नळीच्या बाहेरच्या अंगावर एक जुनी, भरून आलेली जखम होती. चार बोटं रुंद, वीतभर लांब. कडा ओठासारख्या फुगलेल्या. आणि खालचा काप सरळ नव्हता, तिरपा होता.

तो काप कोणाच्या हातचा आहे, हे मला माहीत होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही मेळघाटात एक सर्वेक्षण केलं होतं. डोंगरातले कोरकू लोक कोणती झाडं कशासाठी वापरतात, त्याची नोंद करायची होती. गावाचं नाव मी इथे देत नाही. तिथे सोमतीबाई हाडं बसवायची. साठीची असेल, अंगाने किरकोळ, पण मनगट पकडलं की पुरुषमाणूस जागचा हलत नसे. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून लोक तिच्याकडे यायचे. मोडलेलं हाड ती बोटांनी चाचपून जागेवर आणायची, मैदालकडीचा लेप लावायची आणि वरून बांबूच्या कामट्या बांधायची.

साल कुठून आणते, ते तिने पहिले दोन महिने सांगितलं नाही. मीही रेटलं नाही. तिसऱ्या खेपेला ती आपणहून म्हणाली की चल. गावाच्या मागे तासभर चढ होता. मग नाल्याच्या वरच्या अंगाला एक उतार, आणि त्यावर मैदालकडीची चौदा जुनी झाडं. एवढी जाड झाडं एका जागी मी कुठेच पाहिली नव्हती. प्रत्येकावर खुणा होत्या, काही तिच्या, काही तिच्या सासूच्या हातच्या. एका झाडाची एका वेळी एकच पट्टी काढायची, चार बोटांपेक्षा जास्त रुंद नाही. मग शेण-मातीने जखम लिंपायची आणि ती पूर्ण भरेपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही. खालचा काप तिरपा का, असं मी विचारलं. पाणी साचून झाड सडू नये म्हणून, ती म्हणाली.

मी फोटो काढले. झाडांचे, खुणांचे, सोमतीबाईचे. परत उतरताना तिने एवढंच म्हटलं, की ही जागा गावातल्याही सगळ्यांना माहीत नाही. मी म्हटलं, माझ्याकडून कोणाला कळणार नाही.

हे मी मनापासून म्हटलं होतं. पण रिपोर्टच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, जागेचे कोऑर्डिनेट्स. अक्षांश-रेखांशाचे आकडे फोनच्या नकाशात टाकले की माणूस बरोबर त्या ठिकाणी पोचतो. रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. तालुक्याच्या गावाचे आकडे टाकता आले असते. ते मला त्या वेळी सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे सुचलं होतं. पण चुकीची माहिती भरायची नाही, ही आमच्या कामातली पहिली शिकवण, आणि मला माझ्या अचूकपणाचा अभिमान होता. शिवाय असले रिपोर्ट कोण वाचतं? रिपोर्ट वेबसाइटवर चढला. कुणालाही डाउनलोड करता येईल असा.

मी पोत्यातला तुकडा घेऊन कॉम्प्युटरवर बसले. जुने फोटो उघडले. सातव्या झाडाच्या खुणेला उजव्या बाजूला एक गाठ होती. तुकड्यावरही तीच गाठ, त्याच जागी.

मी परात्यांना विचारलं, माल कुठून आला. ते एका सप्लायरकडे कामाला होते आणि माझ्याशी नेहमी अदबीने बोलायचे. माल बाहेरच्या राज्यातून येतो, सगळे पेपर आहेत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, हा माल बाहेरचा नाही. यावर सही करणार नाही.

"मॅडम, झाड तर तेच हाय नं?" ते शांतपणे म्हणाले. "मग तुमाले काय प्रॉब्लेम होऊन राहिला?"

आमच्या विभागप्रमुखांनीही मला तेच विचारलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला विचारलंय काय, तर झाड कोणतं. ते कसं तोडलं, कुठून तोडलं, हा आपला विषयच नाही. आपण नाही म्हटलं तर दुसरी लॅब देईल. त्यांचं बरोबर होतं. आठवडाभरात दुसऱ्या लॅबने दिलं.

मी मात्र सही नाकारली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मेळघाटात गेले. सोमतीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बघून तिने काम थांबवलं नाही. मी विचारायच्या आधीच तिच्या शेजारणीने सगळं सांगितलं. बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं असताना, एक जीप आली. त्यांनी कोणाला वाट विचारली नाही. हातात फोन धरून सरळ वर चढले. संध्याकाळी लोक बाजारातून परत आले तेव्हा जीप भरून निघून गेली होती.

सोमतीबाई आणि मी वर गेलो. चढ पूर्वीसारखाच होता. उतारावर चौदाही झाडं उभी होती. जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत खोडं उघडी, पिवळट पांढरी, आणि काही ठिकाणी त्यांवर मुंग्या लागलेल्या. वर पानं अजून हिरवी होती. झाडाला मेल्याचं कळायला वेळ लागतो. साठवलेल्या अन्नावर मुळं काही महिने काढतात. मी प्रत्येक खोडाभोवती फिरून पाहिलं, कुठे एखादी पट्टी तरी राहिली आहे का. बोटभर साल शिल्लक असली तरी झाड जगण्याची आशा असते. नव्हती. काम करणारे माहीतगार होते.

सोमतीबाई एका दगडावर बसली.

"म्या तुले दाखवलं. तू कोनाले दाखवलं?"

मी तिला खरं सांगितलं. कॉम्प्युटर, रकाना, आकडे. तिला ते कितपत समजलं माहीत नाही. मी लिहून दिलं, एवढं तिला समजलं.

नागपूरला आल्यावर मी जंगलाचं काम पाहणाऱ्या ऑफिसात लेखी तक्रार केली. माल कुठल्या झाडांवरून चोरलाय ते सिद्ध करायचं, तर पुरावा माझ्याकडेच होता. मी रिपोर्ट जोडला, सगळे फोटो जोडले, नमुना म्हणून ठेवून घेतलेला पोत्यातला तो तुकडाही दिला. झाड क्रमांक सात, खूण अमुक, गाठ अमुक. इतका पक्का पुरावा क्वचितच मिळतो, असं तिथले साहेब म्हणाले. मला बरं वाटलं. आपण चुकलो, पण निस्तरतोय, असं वाटलं.

सप्लायरकडे कागद होते. त्यांवर दुसऱ्याच जंगलाचं नाव होतं आणि शिक्के बरोबर होते. माझ्या एका तुकड्याने त्यांच्या गोडाऊनमधला सगळा माल चोरीचा ठरत नव्हता. पण फाइल उघडली होती आणि फाइलीला कोणीतरी आरोपी लागतो. माझ्या फोटोंपैकी एकात सोमतीबाई झाडाला विळा लावून उभी होती. खाली मीच ओळ लिहिली होती: स्थानिक जाणकार महिला साल काढताना. पुढे तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव.

तिला बोलावणं आलं. एकदा नाही, अनेकदा. गावापासून ते ऑफिस दूर, जाण्या-येण्यात दिवस मोडायचा. तिला फोटो दाखवून विचारलं, ही तूच का? ती म्हणाली, हो. या झाडाची साल तू काढलीस का? ती म्हणाली, हो. तिने खोटं काहीच सांगितलं नाही. जबाबाखाली अंगठा घेतला.

मला हे कळलं तेव्हा मी साहेबांकडे धावले. मी त्यांना समजावून सांगितलं, की ती चार बोटं साल काढते, त्याने झाड मरत नाही, उलट तिच्या खुणांमुळेच हे झाड ओळखता आलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही दिलेल्या कागदांत एकाच माणसाचा फोटो आहे," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा, मी दुसऱ्या कोणाला बोलवू?"

मग मी रीतसर लेखी निवेदन दिलं. काढलेल्या सालीची रुंदी, जखम भरायला लागणारा काळ, गर्डलिंगचा परिणाम, सगळं आकृत्यांसह. निवेदन गहाळ झालं म्हणून पुन्हा दिलं. वर्षभर हेलपाटे घातले. शेवटी सोमतीबाईचं नाव वगळलं आणि फाइल बंद झाली. झाडं तोपर्यंत वाळून गेली होती. सोललेली खोडं वेळेत बुडाशी कापली असती तर काहींना खालून फूट आली असती. मैदालकडीला ती ताकद असते. पण कापायलाही परवानगी लागत होती, आणि चौकशी चालू असताना पुराव्याला हात लावता येत नाही. दोन बुंध्यांना आपोआप फूट आली होती, ती शेळ्यांनी खाल्ली.

सोमतीबाईने हाडं बसवणं बंद केलं. साल नाही हे एक कारण. दुसरं कारण ती बोलून दाखवत नसे, पण मोडलेला हात घेऊन कोणी दारात आलं की ती आत निघून जायची. तिच्या शेजारणीचा नवरा मोहाच्या झाडावरून पडला. त्याला दवाखान्यात न्यायला जीप मिळायला दीड दिवस गेला. हात वाचला, पण कोपरातून वाकत नाही. ती शेजारीण माझ्याशी आता बोलत नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या बागेतल्या एका जुन्या मैदालकडीला फळं धरली. या बिया ताज्याच पेराव्या लागतात, ठेवल्या की उगवत नाहीत. नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या घराच्या गच्चीवर मी रोपं केली. बरीच मेली, नऊ राहिली. पावसाळ्यात ती घेऊन मी गेले. ही त्या उतारावरच्या वाणाची नाहीत, लेपाला तशीच लागतील की नाही ठाऊक नाही, हे मी सोमतीबाईला आधीच सांगितलं. तिने एक पान चुरगळून वास घेतला, चावलं. रोपं ओसरीवर ठेवून घेतली. चहा दिला. कुठे लावणार, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा ती दारात उभी होती, पण पूर्वी मोटारीपर्यंत यायची तशी आली नाही.

रिपोर्ट अजून वेबसाइटवर आहे. आकडे काढून टाकावेत असा अर्ज मी केला. प्रकाशित माहितीत बदल करता येत नाही, असं उत्तर आलं.

हल्ली फील्डवर निघताना मी विद्यार्थ्यांना गाडीतच फोनमधलं लोकेशन बंद करायला लावते. का, तेही सांगते. कोणाची तरी जागा आपल्याला विश्वासाने दाखवली जाते, ती आपल्या रकान्यात भरायची नसते. सगळे माना हलवतात आणि माझ्यासमोर बंद करतात. मेळघाटाच्या पायथ्याचं परतवाडा येईपर्यंत निम्म्यांनी ते परत चालू केलेलं असतं.