मावशीला पुढे आण

"काशिनाथ, मावशीला पुढे आण!" शेठ ओट्यावरून ओरडले.

गाडीतून उतरलेल्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. "मावशी तर इथेच आहेत," त्या म्हणाल्या.

फाटक मीच उघडलं होतं. तेव्हापासून त्या मला मावशी म्हणत होत्या. गाडी कुठे लावू मावशी, प्यायला पाणी मिळेल का मावशी. तेवढ्यात काशिनाथ वाडीच्या मागून आला. त्याच्या हातातल्या पट्ट्याला एक जाडजूड, चकचकीत लॅब जातीची कुत्री होती.

"ही मावशी?" बाईंनी विचारलं.

"हो," काशिनाथ म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात धरला. शेठनी त्याच्याकडे असं बघितलं की तो हात तोंडावरच राहिला.

"कुत्रीचं नाव मावशी? कुणाची मावशी?" बाई म्हणाल्या.

त्यांनी हे गमतीने विचारलं होतं.

ही सोळा सालची गोष्ट. डहाणूहून वाणगावकडे जाताना आत एक चिकूची वाडी होती. तिथे शेठचं केनेल होतं. केनेल म्हणजे कुत्र्यांचा गोठाच. जातिवंत कुत्री ठेवायची, त्यांची पिल्लं काढायची आणि विकायची. मी तिथे बाळंतिणी सांभाळायचे. कुत्री व्यायली की तिला पेज, सुक्या बोंबलाचं पाणी, खाली कोरडं गोणपाट, दूध कमी पडलं तर पिल्लांना बाटली, असं ते काम. माझं माहेर उधव्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. मला कुत्र्यांचा लळा होता म्हणून नाही, शेळ्या सांभाळल्या होत्या म्हणून शेठनी कामावर घेतलं. लळा नंतरही फारसा लागला नाही. काम म्हणून काम.

धंद्याचे शब्द तिथेच शिकले. कुत्री माजावर आली की हीट. एका वेळची सगळी पिल्लं म्हणजे लिटर. पहिल्यांदा शेठ म्हणाले, "डोसी, आ लिटर मस्त आहे," तेव्हा मी दुधाची किटली शोधायला गेले होते. शेठ गुजराती-मराठी मिसळून बोलायचे आणि मला डोसी, म्हणजे म्हातारी म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणजे पार्टी. पार्टी बहुतेक मुंबईकडून यायची, रविवारी, गाडी घेऊन. काही पिल्लं मुंबईच्या आणि वापीच्या दुकानांत जायची, ती तर दात फुटायच्या आत. दुकानात काचेमागे पिल्लू ठेवतात. तिथे आई कुठे आहे हे विचारायची सोयच नसते.

वाडीवर येणारी पार्टी मात्र विचारायची. कुणीतरी त्यांना शिकवून पाठवायचं की आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. चांगलाच सल्ला. पण शेठ त्याच्या पुढे होते. त्यांनी दाखवायला एक कुत्री वेगळी ठेवली होती. तिला कधीच पिल्लं झाली नव्हती, म्हणून अंग भरलेलं, केस दाट, पोट तुळतुळीत. कुणाचीही पिल्लं असोत, पार्टी आली की हीच पुढे यायची. आई नव्हती म्हणून आम्ही कामवाल्यांनी तिचं नाव मावशी ठेवलं. शेठना ते आवडलं आणि तेही तेच नाव वापरायला लागले. एवढ्या वर्षांत कुणाला काही कळलं नव्हतं, कारण कुत्रीला कुणी काहीही नाव ठेवतं. त्या दिवशी फाटकातच दुसरी मावशी भेटली, म्हणून घोटाळा झाला.

शेठनी बाजू सावरली. "बेन, नाव सोडा. पिल्लं बघा, पिल्लं."

काशिनाथने टोपली आणून ओट्यावर पालथी केली. पिल्लं मावशीच्या पोटाशी सरकवली. आता यातही एक युक्ती असायची. पिल्लं परक्या कुत्रीजवळ थांबत नाहीत. म्हणून खऱ्या आईच्या अंगाखालचं गोणपाट फाडून त्याचा तुकडा मावशीच्या पोटाखाली टाकायचा. वासाने पिल्लं तिथे गोळा होतात आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, आईला बिलगली. त्या दिवशी काशिनाथचं लक्ष हसू दाबण्यात. तुकडा मावशीच्या खाली न पडता तिच्या पाठीमागे पडला. पिल्लांनी मावशीला वळसा घातला, गोणपाटावर गेली आणि तिथे एकमेकांवर चढून झोपली. मावशी उठली, अंग झटकलं आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

बाईंच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान होते, बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "ही कसली आई? पोरांना टाकून गेली."

बाई शेठशी बोलल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुम्ही सांगा. यांची आई कुठे आहे?"

"मागे आहे," मी म्हणाले.

"डोसी!" शेठ ओरडले.

"पार्टी विचारते आहे, आई कुठे. आई मागे आहे. चला, दाखवते."

मी हे धाडस म्हणून केलं नाही. माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट होती. मागे जी आई होती तिचं नाव भुरी. ती पण लॅबच. जवळजवळ प्रत्येक हीटला शेठ तिच्यावर नर सोडत आले होते. या वेळी पिल्लं पोट फाडून काढावी लागली. डॉक्टर टाके घालताना शेठना म्हणाले होते, "आता बस. पुढच्या खेपेला ही टेबलावरून उठणार नाही." शेठ म्हणाले, "बस एक लिटर, पछी बंद." हेच ते त्याच्या आधीच्या वेळीही म्हणाले होते. श्रावण संपत आला होता. दिवाळीच्या पुढेमागे भुरी पुन्हा हीटवर येणार होती. तिच्याकडे तेवढेच दिवस होते.

मागच्या शेडमध्ये उजेड कमी होता. भुरीचा पिंजरा कोपऱ्यात. मी कडी काढली तशी ती उठली, मागे सरकली आणि भिंतीकडे तोंड करून पाय फाकवून उभी राहिली. पोटाखाली काही नव्हतं, पिल्लं पुढे ओट्यावर होती. पण दार उघडलं की पिल्लं न्यायला कुणी आलं, एवढं तिला माहीत होतं. ती रिकाम्या जागेला आडोसा धरून उभी होती. सड लोंबलेले, पाठीवरचे केस गेलेले, जाळीवर उभं राहून पंजे पसरलेले.

बाई रडायला लागल्या.

यजमान म्हणाले, "चल, इथून काही घ्यायचं नाही."

"असं कसं जायचं?" बाई म्हणाल्या. "निदान एक पिल्लू तरी सोडवू या यातून. ते पांढरट होतं ते."

शेठ मागे येऊन उभे होते. मला वाटलं होतं, ते चिडतील. पण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बेन, पुण्याचं काम आहे. तुम्ही न्या. तुमच्यासाठी कमी करतो."

"शेठ काही चुकीचं बोलत नाहीत," मी बाईंना म्हणाले. "पण रडून नेलं काय आणि हसून नेलं काय, पिल्लू विकलंच गेलं. ही पिल्लं संपली की दिवाळीला हिच्यावर परत नर सोडतील. डॉक्टर नको म्हणाले आहेत."

"मग मी काय करू?"

"पिल्लांना गिऱ्हाईक आहे. ती आज नाही तर उद्या जातील. न्यायची तर हिला न्या."

यजमान गडबडले. "अहो, ही म्हातारी आहे."

"मीपण आहे," मी म्हणाले. "रोज कामाला येते."

काशिनाथ परत हसला. या वेळी शेठनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

बाईंनी डोळे पुसले. "नातीला पिल्लू कबूल केलंय हो. ती वाट बघत असेल." मग अचानक माझ्यावरच उखडल्या. "आणि तुम्ही इथेच काम करता ना? रोज हे बघता. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं. पण वाटतं म्हणून मी घरी बसले तर हिला पेज कोण घालणार?"

त्या वळल्या आणि जाऊन गाडीत बसल्या. गाडी निघून गेली. पिल्लू नेलं नाही, भुरीलाही नेलं नाही.

शेठ म्हणाले, "डोसी, उद्यापासून येऊ नको."

"बरं. मग बाटली कोण पाजणार? काशिनाथ पाजतो तेव्हा पिल्लांच्या नाकात दूध जातं."

शेठनी ओट्यावरच्या पिल्लांकडे बघितलं. "ठीक छे. पण पार्टीसमोर तोंड उघडायचं नाही."

"मला विचारलं नाही तर कशाला उघडेन?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. पिल्लं एकेक करून गेली. पांढरट पिल्लू दुकानात गेलं. गणपती झाले, नवरात्र झालं. भुरीच्या अंगावर थोडे केस आले आणि शेठ तिला खुराक वाढवा म्हणाले. नर सोडायच्या आधी खुराक का वाढवतात ते शेळ्या पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. आम्हीही म्हातारी शेळी विकतो, कापतोही. पण ती दाराशी बांधलेली असते. घेणारा तिचे दात बघतो आणि आम्ही बघू देतो. इथे जिच्यावर धंदा चालतो तिलाच लपवायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

दसऱ्यानंतर तीच गाडी परत फाटकात आली. बाई उतरल्या. "मावशी, आहे का ती?"

"आहे. नातीला काय सांगितलंत?"

"सांगितलं, पिल्लाची आई आणते. तर ती म्हणते, मग पिल्लू कुठाय?" बाई हसल्या, पण घाबरलेल्या दिसत होत्या. यजमान गाडीतूनच उतरले नाहीत.

शेठ आधी तयार होईनात. "बेन, मां विकायला नाही. मां म्हणजे मशीन आहे आपलं."

मी पाणी घेऊन आले होते. म्हणाले, "शेठ, मशीनबद्दल डॉक्टर काय काय म्हणाले ते बाईंना सगळं सांगू का? आता विचारतीलच त्या मला."

शेठनी हिशेब केला. व्यापारी माणूस. टेबलावर मेली तर पिल्लंही जातील आणि डॉक्टरचं बिल वर. एका पिल्लाची जी किंमत तीच त्यांनी भुरीची लावली. बाईंनी घासाघीस केली नाही.

भुरी पिंजऱ्यातून निघाली, पण गाडीत चढेना. गवतावर पाय ठेवला की उचलायची, जसं काही चटका बसतोय. यजमानांनी अखेर उतरून ओढून बघितलं, बाईंनी बिस्कीट दाखवलं. मी पिंजऱ्यातलं गोणपाट आणून मागच्या सीटवर टाकलं. तिने वास घेतला, थांबली, परत घेतला. मग चढली आणि त्यावर भिंतीकडे तोंड करावं तशी सीटच्या पाठीकडे तोंड करून बसली.

"घाण वास येतो हो याला," यजमान म्हणाले.

"असू दे. तिचाच आहे," बाई म्हणाल्या.

पुढे एकदा त्यांनी काशिनाथच्या फोनवर फोटो पाठवला. भुरी दाराच्या पायपुसण्यावर आडवी झोपली होती. पोट वर, पाय चारी दिशांना. इतकी वर्षं मी तिला बघितली, पण अशी झोपलेली बघितली नव्हती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण भुरीचा पिंजरा आठवडाभरही रिकामा राहिला नाही. वापीहून एक कोवळी कुत्री आली. आणि शेठ त्या दिवसांत एक गोष्ट शिकले. पुढे एखादी पार्टी घुटमळायला लागली, भाव पाडायला लागली, की ते मावशीला नेऊन बांधायला सांगायचे आणि स्वतःच म्हणायचे, "बेन, खरं सांगू? आई मागे आहे. या, बघा." पार्टी शेडमध्ये जायची, रडायची आणि सांगितलेल्या किमतीला पिल्लू घेऊन निघायची. सोडवलं म्हणून समाधानाने. पिंजऱ्यातली कुत्री तिथेच राहायची. दया आलेलं माणूस घासाघीस करत नाही, हे शेठना बाईंनी दाखवून दिलं.

मी गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. आता पाड्यावर असते. डहाणूची, तलासरीची माणसं अजून विचारतात, आजी, तू केनेलला होतीस, चांगलं पिल्लू कुठे मिळेल? पिल्लू घेऊच नका असं मी सांगत नाही. वाणगावकडे एक माणूस आहे, घरात त्याची एकच कुत्री. अंगणात मोकळी असते, आलेल्यावर भुंकते. पिल्लू मागितलं तर म्हणतो, यंदा नाही, तिला विश्रांती आहे. त्याच्याकडे जा आणि थांबा, असं सांगते.

आणि दुसरीकडे कुठे गेलात तर नुसती आई दाखवा म्हणू नका. आई आता सगळेच दाखवतात. विचारा, हिचं पुढे काय करणार? माणूस उत्तर शोधायला लागला, तर पिल्लाला हात न लावता गाडीत बसा. हात लावलात की तुम्ही घेणार, आणि ते त्याला तुमच्या आधी कळतं.