वहीतला चार आणि भिंतीवरचा चार

सरांच्या वहीतला आकडा मी चोरून पाहिला, हे आधीच सांगून टाकते.

दर रविवारी शहाद्याजवळच्या एका शाळेच्या मैदानावर आमची व्हॉलीबॉलची लीग चाले. आठ गावांचे आठ संघ. चालवणारे एकटे सर, निवृत्त क्रीडाशिक्षक. मी टेबलाशी बसून स्कोअर लिही. प्रत्येक खेळाडूला सर एक ते दहामध्ये गुण देत आणि मैदानात उतरलेल्या सहा जणांची बेरीज चाळीसच्या वर जाऊ देत नसत, म्हणजे सगळे तगडे गडी एकाच गावात गोळा होणार नाहीत. कुणाला किती गुण, हे मात्र सरांशिवाय कुणालाच ठाऊक नसे. संघनायकाला ते फक्त सांगत, "बसतंय," नाहीतर, "एक जण बदल."

त्या रविवारी सर पाणी प्यायला उठले आणि वही उघडी राहिली. आमच्या संघातल्या सर्वांत जोरकस स्मॅश मारणाऱ्या गड्यापुढे त्यांनी चार लिहिलं होतं.

तो मोलगीकडचा, सातपुड्याच्या डोंगरातला. शहाद्यात टायरच्या दुकानात कामाला. दुकानात दिवसभर 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलणारा हा माणूस नेटजवळ आला की गप्प बसत नसे, कारण आमच्या संघात डोंगरातले आणखी दोघे होते. तिघे आपल्या बोलीत बॉल मागत, आपल्या बोलीत एकमेकांवर ओरडत, हसत. आठवड्यातले तेवढे दोन तास तो मोकळेपणाने बोलायचा.

आणि त्याला चार! डोंगरातला म्हणूनच; मला दुसरं कारण सुचलंच नाही. आमचं घर चळवळीतलं, पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असत. मागणी एका ओळीत मावली पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. मी एका ओळीत लिहिलं, 'डोंगरातल्या खेळाडूला चार? गुण उघडे करा!' शंभर प्रती काढल्या आणि पुढच्या रविवारी मैदानावर स्वतः वाटल्या.

सरांनी पत्रक दोनदा वाचलं. "पोरी, उघडं केलं की तो आकडा माझ्या हातात राहणार नाही."

"राहायलाच नको," मी म्हणाले.

आमचा संघनायक म्हणजे माझा चुलतभाऊ. तो चिडून जवळ आला. "तू माले इचारं का? त्याले तरी इचारं का?"

"न्याय मागायला परवानगी कशाला लागते?"

"न्याय तुन्हा, पॉइंट आम्हना जातीन!"

आठवड्याने यादी मैदानाच्या भिंतीवर लागली. मी जिंकले होते. लोक बोटं फिरवत आपला आकडा शोधत होते, तो सापडला की आपल्या वर कोण ते शोधत होते. पाच मिळालेला एक जण न खेळताच घरी गेला. मला वाटलं, चालायचंच, पहिल्या दिवशी झोंबणारच.

मग आमच्या स्मॅशवाल्यापुढे दर वेळी हरणारा नदीकाठच्या गावचा संघनायक भिंतीपुढून वळला. "चार? हाऊ चार शे? आम्हले दर येले हाऊच हरावस! सर, हाई चोरी शे!"

आजूबाजूचे वीस जण तेच म्हणू लागले. सरांना सगळ्यांसमोर चाचणी जाहीर करावी लागली. दहा बॉल उचलून द्यायचे, त्याने दहा स्मॅश मारायचे, गुण तिथेच ठरणार.

तेव्हा कुठे मला खरी गोष्ट कळली: चार होते म्हणूनच तो आमच्या चाळीसात बसत होता. चुलतभाऊ माझ्या कानाशी दबक्या आवाजात बोलत होता. "चार शे म्हणीसन तो आम्हनामा शे. वाढना तर चाळीसमा बसाव नही. समजनं का आते?" सर शेजारीच उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या वर्षी त्याला नियम येत नव्हते, तेव्हा चार दिलं. नंतर तिघांना एकत्र खेळताना बघितलं. खोडायला हात धजला नाही."

चुलतभाऊ त्याच्याकडे धावला. "नेटमा मार. पाच-सहा नेटमा मार, काम हुई जाई."

पहिला बॉल नेटमध्ये गेला. दुसराही. मी मनात म्हणत होते, मार, अजून नेटमध्येच मार. पत्रक काढणारी मी, खोट्यासाठी हात जोडून उभी होते.

"चारबी जास्त शे रे, तीन करा!" कुणीतरी ओरडलं.

"डोंगरमा नेट नही ऱ्हास का भो?"

मोठा हशा झाला. त्याने भिंतीकडे पाहिलं. चुलतभावाकडे पाहिलं. तिसरा बॉल त्याने असा मारला की मागच्या रेषेवरची धूळ उडाली. त्यानंतर एकही चुकला नाही.

सरांनी चार खोडून नऊ लिहिलं. त्याला ठेवायचं तर दोन चांगल्या गड्यांना बसवून कच्चे राखीव उतरवावे लागणार होते. चुलतभाऊ बेरजा करत होता, तेवढ्यात तोच म्हणाला, "नको. मी जातो." नऊची जागा फक्त नदीकाठच्या संघात होती.

नळाशी मी त्याला गाठलं. "नेटमध्ये का नाही मारलेस?"

तो तोंड धूत राहिला. "वहीत चार होतं तेव्हा माझं काही जात नव्हतं, ताई. भिंतीवर चार कसं राहू द्यायचं? आमच्याकडचे लोकपण वाचतात ना."

पुढच्या रविवारी नदीकाठचा संघ आमच्यासमोर होता. तो पलीकडे खेळत होता, उत्तम आणि मुका. दुसऱ्या सेटमध्ये एक बॉल मधोमध उंच उडाला आणि त्याच्या तोंडून आपल्या बोलीत हाक निघाली. त्याच्या नव्या सोबत्याला ती कळली नाही. दोघे एकमेकांवर आदळले, बॉल खाली पडला. नेटच्या अलीकडे आमचे डोंगरातले दोघे मात्र हाक ऐकताच सावध होऊन मागे सरकले होते.

"आम्हले समजी असं बोल ना भो!" त्याचा संघनायक ओरडला.

मी आमच्या संघाला एक पॉइंट लिहिला.

सेट संपल्यावर तो कोपर झाडत माझ्या टेबलाशी आला. यादी काढून टाका म्हणेल, असं वाटलं. म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मला ती यादी अजूनही तिथेच हवी होती.

"हे चाळीस कुणी ठरवलं, ताई?"

"सरांनी."

"कुणाला विचारून?"

मला ठाऊक नव्हतं. इतक्या रविवारांत मी ते विचारलंच नव्हतं.

"नऊ राहू दे भिंतीवर," तो म्हणाला. "चाळीसचं बोलू."

मी कागद पुढे ओढला, पेन उघडलं. त्याने मान हलवली. "पत्रक नको. मीच बोलतो."

आणि तो सरांच्या खुर्चीकडे निघाला. आमचे दोघे नेटखालून वाकून त्याच्यामागे गेले. मी पेन बंद केलं आणि ऐकायला उठले.