मढची पिसं

सुलभाताई गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी जेवत होतो. परत पानावर येऊन बसलो आणि जेवण पूर्ण केलं. त्याला तीन आठवडे झाले... आता लिहिलं पाहिजे.

अंधेरीच्या प्रयोगशाळेत त्या शास्त्रज्ञ, मी मदतनीस. कोंबड्यांच्या अंगात गाठी उठवणाऱ्या एका विषाणूची जनुकं त्या अभ्यासत. तो पिसांच्या मुळाशी राहतो, म्हणून पोल्ट्रीत जाऊन पिसं कापून आणणं माझं काम. एका कोंबडीची कापली की कात्री स्पिरिटच्या दिव्याच्या ज्वाळेवर धरायची, मगच दुसरीला हात लावायचा. परतलो की त्या विचारत, “दिगू, कात्री भाजलीस ना रे? नाहीतर एकीचा आजार दुसरीच्या नावावर!”

सात वर्षांपूर्वी मढच्या पोल्ट्रीत आजारी कोंबड्यांची पिसं कापून झाली आणि दिव्यातलं स्पिरिट संपलं. लस टोचलेल्या, धडधाकट कोंबड्या बाकी होत्या. वेसाव्याला परतायची होडी सुटायला आली होती. कात्री रुमालाला पुसली... आणि कापत सुटलो. ताईंनी नेहमीचं विचारलं. मी म्हणालो, “हो.”

महिन्याभरानं त्या नाचायच्याच बाकी होत्या. लस दिलेल्या कोंबड्यांतही तोच जहाल विषाणू, अगदी त्याच जनुकांचा! “लसीची वाट लागली रे दिगू! केवढा मोठा शोध!” त्यांनी हे सभेत मांडलं. वरिष्ठांनी पुन्हा नमुने मागवले. या वेळी दुसरा माणूस गेला. लसीच्या कोंबड्यांत काहीच निघालं नाही. “काय हो बाई, विषाणू होडीत बसून पळाला वाटतं?” एकानं विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. माझी नोकरी कायम व्हायची होती. ताईंचं संशोधन थांबलं ते थांबलंच. पुढं त्या नुसते तपासणीचे अहवाल लिहीत राहिल्या, आणि मी त्यांना नमुने आणून देत राहिलो.

गेल्या रविवारी बोरीवलीला त्यांच्या बहिणीकडे गेलो, सांगायचंच ठरवून. तिनं ताईंच्या खोलीतली एक वही दाखवली. “संध्याकाळ झाली की घेऊन बसायची. ‘माझं कुठं चुकलं?’ एवढंच म्हणायची.” मढच्या त्या प्रयोगाची एकेक पायरी लिहिलेली : द्रावणं, तापमान, जनुकांचे ठसे उमटतात ती फिल्म. प्रत्येकीपुढे तपासल्याच्या दोन-दोन, तीन-तीन खुणा. पहिल्या पायरीपुढे मात्र खूण नव्हती. तिथं लिहिलं होतं, “पिसं दिगूनं आणली. तपासायला नको.”

बहिणीला सगळं सांगितलं. “चहा टाकते,” म्हणत ती उठली, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी वही मांडीवर घेऊन त्या खोलीत बसून राहिलो.