नवसाचा गूळ

आजीच्या पायात बोराटीचा काटा मोडला आणि ती जखम दोन महिने भरून येईना, तेव्हा मी तिला भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, मधुमेह आहे. सांभाळलं नाही तर पाय गमवावा लागेल. आजी बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. बाहेर आल्यावर मी तिला पथ्य तेवढं सांगितलं, पायाचं सांगितलं नाही. तेवढी माझी हिंमतच झाली नाही.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. आजीने गवताचे भारे डोक्यावरून भिवंडीच्या बाजारात आणून मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तशी मी तिला गावाहून माझ्या दोन खोल्यांत आणली. खाली दिवसभर लूमची, कापडाच्या मागांची, खडखड, वर आम्ही दोघं. सकाळी ती देवीच्या तसबिरीपुढे उभी राहिली की मीही शेजारी हात जोडत असे, पण खरं सांगायचं तर ते तिच्यासाठी. जे डोळ्यांना दिसतं आणि प्रयोगाने सिद्ध होतं तेवढ्यावरच माझा विश्वास उरला होता. तिच्या पायाचं ऐकल्यावर वाटलं, हिच्या देवीने काय करायचं ते करावं, हा पाय मी वाचवीन.

त्या दिवसापासून मी तिचा गुरुजी झालो. भात बंद, नाचणीची भाकरी सुरू. चहातली साखर गेली. रोज सकाळी नाक्यापर्यंत चालणं, आल्यावर जखम धुऊन पट्टी. शाळेतून मागून आणलेल्या परीक्षानळीत निळ्या औषधाबरोबर तिची लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची आणि रंग वहीत टिपून ठेवायचा. विटकरी झाला तर साखर भरपूर, हिरवा झाला तर थोडी, निळाच राहिला तर काहीच नाही. आजी दारात बसून बघायची. "एवढी बुकं शिकलास ती म्हातारीची लघवी उकळाया का रं?" असं म्हणून स्वतःच हसायची.

दर रविवारी ती जव्हारला दिलेल्या माझ्या आत्याला पत्र लिहवून घेई. कार्ड माझ्यापुढे सरकवायची आणि भिंतीला टेकून सांगायला लागायची. "लिही. गावाकडं शेवंतीला मुलगी झाली, दोघी बऱ्या हायेत. काळी गाय व्याली, खोंड झाला. खालच्या लूमवाल्या भाभीनं मना चपला दिल्या, चालाया बऱ्या पडतात. ह्या मास्तरानं माझा भात तोडला. तोंडाला चव न्हाय, पन पायाची ठणक गेली. तूबी गोड कमी खा, माझ्या पोटची हायेस." मी एकही शब्द न बदलता लिहीत असे. तिच्या बातम्यांत माझं पथ्य आलेलं पाहून मला मनातून फार बरं वाटे.

माघ संपता संपता जखम भरली. नळीतला रंगही निळा राहू लागला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आजीने मात्र तसबिरीकडे बोट दाखवलं. "बोलले होते मी तिला. पाय वाचला तर वज्रेश्वरीला येईन, शेवटचा कोस चालत, आणि तोंड बघंपर्यंत अन्न घ्यायची न्हाय."

पाय जाण्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, तिने ते माझ्या तोंडावरूनच ओळखलं होतं. तरीही मला राग आला. श्रम माझे आणि आभार देवीचे! पण तिला नाही म्हणणं जमलं नाही. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या चैत्रातला तो मंगळवार. सकाळी नळीतला रंग पाहिला, स्वच्छ निळा. मी खूश झालो. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी रोज जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगितली होती आणि मी आजवर एकही चुकवली नव्हती. आजीने विचारलं, "गोळीनं उपास मोडंल का रं?" मी म्हणालो, "गोळी म्हणजे अन्न नव्हे. घे." तिने मुकाट्याने पाण्याबरोबर घेतली. जेवण तर त्यानंतर येणारच नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

एस.टी.तून आम्ही अलीकडच्या फाट्यावरच उतरलो. ऊन चढलं होतं. आजी आधी माझ्यापुढे चालत होती, मग बरोबरीने, मग मागे. वळून पाहिलं तर ती रस्त्याच्या कडेला चिंचेचं झाड धरून उभी. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. "आजी, काय होतंय?" म्हटलं, तर ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारून म्हणाली, "भारा उतरव रं डोक्यावरचा. मान मोडली माझी." तिच्या डोक्यावर पदराशिवाय काहीही नव्हतं.

मी तिला झाडाखाली बसवलं. माझ्या मनात एकच आलं, साखर वाढली. काल शेजारच्या बारशाला हिने चोरून काही खाल्लं असणार. रस्त्याने जाणाऱ्या एकाने जवळच्या गाड्यावरून उसाचा रस आणू का म्हणून विचारलं. मी जवळजवळ ओरडलोच, "नको! साखर म्हणजे विष आहे त्यांना!" तो बिचारा निघून गेला. आजीची मान एका बाजूला कलत होती. मी हाका मारत होतो आणि ती माझ्याकडे पाहत असूनही मला पाहत नव्हती. माझं शिक्षण, माझी वही, माझी नळी, कशाचाही उपयोग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं मन राखायला नव्हे, तर खरोखर हात जोडले. काय मागावं तेही सुचेना. "आई, आता तूच बघ," एवढंच तोंडातून आलं.

देवळाच्या बाजूने एक बाई येत होती. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, हातात टोपली. आमच्यापुढे थांबून तिने टोपलीवरचं फडकं सारलं. गूळ-खोबरं होतं.

"घे दादा, देवीचा परसाद."

तिने खडा माझ्या तोंडापुढे धरला, मी घेतला. तिने आजीकडे हात केला तसा मी मध्ये आलो. "त्यांना नको बाई. गोड चालत नाही त्यांना. डॉक्टरांनी बंद केलंय."

"असं न्हाय म्हनू नको. पोर वाचली माझी गोवरातून. वाटंत दिसंल त्याच्या तोंडी माझ्या हातानं घालायचं, एकालाबी वगळायचं न्हाय, असं बोलले हाय मी."

"मग त्यांच्या वाटणीचा माझ्या हातावर द्या."

"तुझा तुला, तिचा तिला," ती म्हणाली. मुलीला खाली ठेवून ती गुडघ्यावर बसली, आजीची मान सावरली आणि गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. मी तो बोटाने काढायला गेलो, तर आजीने दात असे आवळले की माझं बोट सापडलं. बाईला हसू आलं. "बघ, तिला पायजे हाय!" तिने आणखी एक खडा भरवला, माझ्या तांब्यातलं पाणी पाजलं, मुलीला उचललं आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मी मनाशी म्हणत होतो, आता संपलं. पण थोड्या वेळाने आजीचा घाम ओसरला. तिने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं, या वेळी मलाच पाहिलं, आणि म्हणाली, "बोटाला काय झालं रं तुझ्या?"

मी तिथेच रडलो. सगळं सांगितलं. दर्शनाआधी खाल्लं याचं तिला वाईट वाटलं असणार. मग माझा खांदा धरून उठत म्हणाली, "मी तिच्याकडं जात व्हते. तिनं वाटंतच जेवू घातलं. चल." पायऱ्या आम्ही सावकाश चढलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. साखर वाढली नव्हती, उतरली होती. गोळी पोटात आणि अन्न नाही. निळा रंग साखर किती खाली गेली हे सांगतच नाही. "त्या बाईने गूळ दिला नसता तर आजी गेल्या असत्या," ते म्हणाले. आणि मग हळूच, "मास्तर, तुम्ही शिकलेले म्हणून मी सगळं फोडून सांगितलं नाही. चूक माझीही आहे."

त्या दिवशी देवळापाशी चौकशी केली होती तेव्हा ती बाई खारबाव गावची असल्याचं कळलं होतं. पुढच्या रविवारी मी खण-नारळ घेऊन गेलो. विचारत विचारत घर सापडलं. ती अंगण सारवत होती. मी सगळी हकीकत सांगितली. ती शेणाचे हात तसेच धरून ऐकत राहिली आणि शेवटी अवघडून म्हणाली, "दादा, रागावू नको. त्या दिसाला किती मानसं व्हती! तुझी आजी मना आठवत न्हाय."

"पण तुम्ही तिला वाचवलंत."

"मी कुठं? मी माझा नवस फेडला."

परतीच्या वाटेवर मी तेच घोळवत होतो. मी आजीला वाचवायला निघालो होतो, रात्रंदिवस तेच मनात धरून, आणि तिला मरणाच्या दारात नेलं. त्या बाईच्या मनात आजी नव्हतीही. ती फक्त दिलेल्या शब्दाप्रमाणे वागत होती आणि तिच्या हातून आजी वाचली. यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मी जे पाहिलं ते लिहिलं.

घरी आलो तेव्हा आजी कार्ड घेऊन बसलीच होती. "लिही. देवीला जाऊन आले. पाय बरा हाय. वाटंत एका बाईनं गूळ दिला, तो खाल्ला. भाभीच्या चपला झिजल्या, पन अजून चालतात."

"एवढंच?" मी विचारलं.

"अजून काय? दिलं, घेतलं."

आजीचं पथ्य आजही चालू आहे, नळीही रोज तापते. गोळी मात्र मी आता तिच्यापुढे ताट वाढायला घेतल्यावरच देतो. बाहेर निघताना माझ्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा असतो. डॉक्टर त्याला औषध म्हणतात आणि ते खरंच आहे. पण पुडी बांधण्याआधी मी तो खडा तसबिरीपुढे ठेवतो. सकाळी आजीच्या शेजारी उभा राहतो तेव्हा आता हात माझ्यासाठी जोडलेले असतात.